जमशेदजी टाटा: पाऊस साठवून वीज करायला निघालेला माणूस

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्याने गेलात तर नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये आता सोलर पॅनल दिसतात. कुणाच्या स्लॅबवर तीन किलोवॅट, कुणाच्या होमस्टेवर दहा. चौकशी करणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले: कंपनी कोणती, खर्च किती, सबसिडी किती? अवघड प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी येतो, बहुतेक वेळा पहिल्यांदा लाइट गेल्यावर. सूर्य मावळल्यावर काय करायचं?

ऊन आपल्या सोयीने येत नाही. दुपारी भरपूर असतं तेव्हा घरात माणसं नसतात आणि संध्याकाळी सगळे घरी येतात तेव्हा ऊन गेलेलं असतं. म्हणजे प्रश्न वीज तयार करण्यापेक्षा ती साठवण्याचा जास्त आहे. रायगड जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी खोपोलीच्या वरच्या डोंगरांकडे बघून जमशेदजी टाटा याच प्रश्नावर विचार करत होते. त्यांच्यासमोर ऊन नव्हतं, पाऊस होता. पाऊस चार महिने पडतो, गिरण्या बारा महिने चालतात. मग उरलेल्या आठ महिन्यांचं काय?

टाटा हे नाव आपण मिठाच्या पिशवीपासून गाडीपर्यंत सगळीकडे वाचतो. पण हा माणूस विजेपर्यंत कसा पोहोचला, हे फारसं सांगितलं जात नाही. ते समजून घेतलं तर घरच्या सोलर आणि बॅटरीचं गणितही आपोआप सुटतं.

नवसारीहून मुंबईला

जमशेदजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधल्या नवसारीत झाला. घराणं पारशी धर्मगुरूंचं. वडील नसरवानजी यांनी घराण्याची परंपरा मोडली आणि मुंबईत येऊन व्यापार सुरू केला. चौदाव्या वर्षी जमशेदजीही मुंबईत आले. एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि १८५८ मध्ये बाहेर पडून वडिलांच्या पेढीवर बसले.

लवकरच वडिलांनी त्यांना व्यापारासाठी हाँगकाँगला पाठवलं. त्यानंतर इंग्लंड. तिथे मोठा फटका बसला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे भारतीय कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मुंबईतल्या कितीतरी पेढ्या बुडाल्या, टाटांची पेढीही अडचणीत आली. तेव्हा जमशेदजी इंग्लंडमध्येच होते. पण याच मुक्कामात त्यांनी लँकेशायरच्या कापडगिरण्या जवळून पाहिल्या. कापूस इथला, कापड तिथलं आणि नफाही तिथलाच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं.

१८६८ मध्ये त्यांनी २१ हजार रुपये भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढच्या वर्षी चिंचपोकळीतली बुडीत निघालेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची कापडगिरणी केली आणि दोन वर्षांत नफ्याने विकून टाकली.

नागपूरची गिरणी

पुढची गिरणी मुंबईतच निघेल असं सगळ्यांना वाटत होतं. जमशेदजींनी निवडलं नागपूर. कापूस तिथेच पिकतो, रेल्वे पोहोचली आहे, वरोऱ्याचा कोळसा जवळ आहे. साधा हिशेब होता. कच्चा माल आणि इंधन जिथे आहे तिथे कारखाना न्यायचा. गिरणीसाठी घेतलेली जागा दलदलीची होती आणि ती भरून काढताना बघून एका सावकाराने हा माणूस पैसे मातीत घालतोय म्हणून कर्ज नाकारलं, असं सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढे देशातल्या यशस्वी गिरण्यांमध्ये गणली गेली.

तंत्रज्ञानाच्या बाबतीत जमशेदजींचा स्वभाव या गिरणीत दिसतो. सूत कातायच्या रिंग स्पिंडल्स तेव्हा नव्या होत्या आणि खुद्द लँकेशायरचे गिरणीमालक त्या घ्यायला कचरत होते. जमशेदजींनी त्या आधी वापरून पाहिल्या, आकडे तपासले आणि मग गिरणीत आणल्या. आग विझवणारे स्प्रिंकलर आणि हवेत दमटपणा राखणारी यंत्रणा बसवली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड सुरू केला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई. असल्या गोष्टी तेव्हा कायद्यात नव्हत्या.

सगळंच जमलं असं नाही. जपानी कंपनीशी हातमिळवणी करून त्यांनी जहाजांची सेवा सुरू केली. समोरच्या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने भाडं इतकं पाडलं की ती गुंडाळावी लागली. चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाच्या खाणींवरही त्यांची नजर गेली होती, पण जवळचा वरोऱ्याचा कोळसा पोलादाच्या भट्टीला चालेना. तो विषय वीस वर्षं लांबला. इंधन योग्य नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही, हा धडा त्यांना दोन वेळा मिळाला होता. एकदा नागपुरात, फायद्याच्या बाजूने. दुसऱ्यांदा चांद्याला, तोट्याच्या बाजूने.

मुंबईचं कोळशाचं बिल

नागपूरला कोळसा जवळ होता, मुंबईला नव्हता. गिरणगावातली प्रत्येक गिरणी वाफेच्या इंजिनवर चालायची आणि त्या इंजिनाचा कोळसा शेकडो मैलांवरून रेल्वेने किंवा थेट परदेशातून बोटीने यायचा. जमशेदजींची कुर्ल्याची स्वदेशी मिल यातूनच चालली होती. खर्च तर होताच, वर धूर. एकेका गिरणीची चिमणी आणि अशा कितीतरी चिमण्या. शहरावर काळा थर बसायचा.

याच सुमारास जगात दुसरी एक गोष्ट घडली. अमेरिकेत नायगारा धबधब्याच्या पाण्यावर तयार झालेली वीज १८९६ मध्ये तीसेक किलोमीटरवरच्या बफेलो शहरापर्यंत तारांनी पोहोचली. पाणी एका जागी, कारखाना दुसऱ्या जागी, मध्ये फक्त तार. त्याआधी पाण्यावर गिरणी चालवायची तर ती नदीकाठीच बांधावी लागायची. आता नदी लांब असली तरी चालणार होतं.

मुंबईतले वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांनी सह्याद्रीच्या पाण्यावर वीज तयार करून ती मुंबईला आणायची कल्पना जमशेदजींपुढे मांडली. जमशेदजींनी ती उचलून धरली. पण नायगारा बारा महिने वाहतो. लोणावळ्याचे धबधबे दिवाळीनंतर पाहायला गेलात तर नुसता ओला कातळ मिळतो.

पाण्याची बॅटरी

लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्यावर उपाय एकच: पाऊस पडेल तेव्हा तो डोंगराच्या माथ्यावर अडवून ठेवायचा आणि वर्षभर जपून, हवा तेवढाच खाली सोडायचा. योजना अशी ठरत गेली की घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण आणि शिरोता इथे तलाव बांधायचे, पाणी पाइपांतून थेट पायथ्याला खोपोलीत उतरवायचं आणि तिथे त्याच्या जोरावर टर्बाइन फिरवायचं.

उंची इतकी महत्त्वाची का, ते फोनच्या भाषेत बघू. तुमच्या फोनची बॅटरी साधारण ५,००० एमएएचची असेल. तिचा व्होल्टेज धरला तर तिच्यात सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. आता एवढीच ऊर्जा पाण्यात साठवायची म्हटली तर दहा मीटर उंच गच्चीवर ७०० लिटर पाणी चढवून ठेवावं लागेल. तळहातावरच्या बॅटरीची बरोबरी करायला सातशे लिटर!

म्हणजे गच्चीवरची टाकी ही बॅटरी म्हणून अगदीच कुचकामी. पण तेच पाणी दहा मीटरऐवजी पाचशे मीटरवरून सोडलं तर? ऊर्जा पन्नास पट. घाटमाथा आणि खोपोली यांच्यात साधारण तेवढाच फरक आहे. त्या उंचीवरून १,००० लिटर पाणी खाली आलं की वाटेतली गळती वजा जाता एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. एक युनिट म्हणजे १,००० वॅट एक तासभर. आणि तलावात अशी १,००० लिटरची किती मापं मावतात याची गणतीच नको. सह्याद्रीचा उभा कडा आणि माथ्यावरचा पाऊस या दोन गोष्टी इथे एकत्र आल्या होत्या.

ताजची वीज

जमशेदजींच्या शेवटच्या वर्षांत चार मोठी कामं एकदम चालू होती: पोलादाचा कारखाना, विज्ञानाची संस्था, मुंबईत एक भव्य हॉटेल आणि ही जलविद्युत योजना. विज्ञान संस्थेसाठी त्यांनी १८९८ मध्ये आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा देऊ केला. पोलादासाठी १९०२ मध्ये ते अमेरिकेला जाऊन तज्ज्ञ शोधून आले.

या चारपैकी एकच गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत पूर्ण झाली, ती म्हणजे ताजमहाल हॉटेल. १६ डिसेंबर १९०३ ला ते उघडलं तेव्हा तिथे विजेचे दिवे होते, पंखे होते, लिफ्ट होती. मुंबईत घरोघरी वीज देणारी बीईएसटी कंपनी आली १९०५ मध्ये. म्हणजे ताजला बाहेरून घ्यायला ग्रिडच नव्हतं. आपली वीज आपणच करायची. आजच्या भाषेत हे हॉटेल ऑफ-ग्रिड होतं.

त्यानंतर पाचच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जर्मनीतल्या बाड नाउहाइम इथे उपचारांसाठी गेलेले असताना जमशेदजी वारले. खोपोलीत तोवर एक वीटही रचली गेली नव्हती.

वारसांनी लावलेला स्विच

पुढचं काम थोरले चिरंजीव दोराबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. नोव्हेंबर १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी स्थापन झाली. फेब्रुवारी १९११ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला पायाभरणी झाली आणि चार वर्षांनी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी खोपोलीच्या विजेचा प्रवाह सुरू केला. जमशेदजींच्या मृत्यूला तेव्हा जवळजवळ अकरा वर्षं झाली होती.

इथे दोन अडचणी होत्या, आणि आजही सोलर बसवताना त्याच येतात.

पहिली तारांची. खोपोली ते मुंबई हे अंतर सत्तरेक किलोमीटर. साध्या व्होल्टेजवर एवढी वीज पाठवली असती तर बरीचशी तारा तापवण्यातच गेली असती. म्हणून ती सुमारे एक लाख व्होल्टवर पाठवली गेली. नियम असा की तेवढीच वीज दहापट व्होल्टेजवर पाठवली तर करंट दहावा हिस्सा होतो आणि तारेतली गळती शंभरावा. तुमचा फास्ट चार्जर हेच करतो. साधा चार्जर ५ व्होल्ट देतो, फास्ट चार्जर व्होल्टेज वाढवून त्याच जाडीच्या केबलमधून जास्त वॅट पाठवतो.

दुसरी अडचण गिरण्यांची. वीज दारात आली तरी गिरणी वाफेवर चालायची. एक मोठं इंजिन, त्यातून निघालेले दांडे आणि पट्टे. विजेसाठी मोटारी घ्यायच्या, आतली जोडणी बदलायची आणि चालतं इंजिन भंगारात काढायचं. त्यामुळे सगळे मालक उड्या मारत आले नाहीत, त्यांना पटवावं लागलं. वीज येणं वेगळं आणि ती घेण्याजोगी जोडणी असणं वेगळं.

मुळशीची किंमत

खोपोली चाललं. मग कर्जतजवळ भिवपुरी १९२२ मध्ये आणि माणगाव-रोह्याच्या बाजूला भिरा १९२७ मध्ये सुरू झालं. भिऱ्यासाठी पाणी हवं होतं आणि त्यासाठी पुणे जिल्ह्यात मुळशीला धरण बांधायचं ठरलं.

साठवायला जागा लागते. मुळशीत ती जागा म्हणजे पन्नासच्या आसपास गावांची भातशेती आणि घरं होती. एप्रिल १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. नेतृत्व पांडुरंग महादेव बापट यांचं, विनायकराव भुस्कुटे त्यांच्यासोबत. सेनापती हे नाव बापटांना याच लढ्यात मिळालं. जमिनी कायद्याने संपादन होत होत्या, भरपाईचा पैसा बराचसा जमीनमालक आणि सावकारांकडे जात होता, कसणाऱ्याच्या हातात फारसं काही राहत नव्हतं. शेकडो लोक तुरुंगात गेले, बापटांनी कित्येक वर्षांची शिक्षा भोगली. तीन वर्षांनी लढा मोडला आणि धरण झालं.

जमशेदजी तेव्हा हयात नव्हते. हे धरण त्यांनी बघितलंही नव्हतं. पण योजना त्यांच्याच कल्पनेची पुढची पायरी होती, त्यामुळे त्यांची गोष्ट सांगताना मुळशी वगळून चालत नाही. ज्या माणसाने कायदा नसताना कामगारांना पेन्शन दिली, त्याच्या नावाच्या योजनेत शेतकऱ्याचा विचार मागे पडला. मुंबईतला धूर कमी झाला, याचा हिशेब मावळात चुकता झाला. आणि भिऱ्याची वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईला गेली. मनोऱ्यांखालच्या खेड्यांत दिवा लागायला पुढे कित्येक वर्षं जावी लागली.

रायगडच्या किनाऱ्याशी या पाण्याचं नातं अजून आहे. भिऱ्याला टर्बाइन फिरवून बाहेर पडलेलं पाणी कुंडलिका नदीत येतं. कोलाडला सकाळी राफ्टिंग होतं ते याच सोडलेल्या पाण्यावर, म्हणून तर ते भर उन्हाळ्यातही चालतं. पुढे रोह्यावरून हीच नदी रेवदंड्याला समुद्राला मिळते. खोपोलीचं पाणी पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीत जातं. मुळशीत अडवलेला पाऊस असा रेवदंड्याच्या पुलाखालून जातो.

आता तुमच्या छतावर

जमशेदजींच्या योजनेचे तीन भाग होते: ऊर्जा पकडा, साठवा, पोहोचवा. घरच्या सोलरचेही हेच तीन.

पकडणं आता सगळ्यात सोपं. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा आणि त्यातून महाराष्ट्रात दिवसाला सरासरी चार युनिट. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये सबसिडी आहे. बॅटरीसाठी मात्र त्यात वेगळी रक्कम नाही.

आणि इथेच गैरसमज होतो. सबसिडीवाली साधी ऑन-ग्रिड सिस्टीम लाइट गेल्यावर बंद पडते, भर दुपारी बारा वाजता, कडक ऊन असतानाही. हा बिघाड नाही. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. याला अँटी-आयलँडिंग म्हणतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा खांब हजारोंनी पडले. श्रीवर्धन-मुरूडकडच्या काही गावांत वीज यायला आठवडे लागले. अशा वेळी बॅटरी नसलेलं पॅनल म्हणजे धरण नसलेला लोणावळ्याचा धबधबा. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते.

बॅटरी किती मोठी घ्यायची? सगळं घर नको, एक रात्र धरा. चार एलईडी दिवे पाच तास: ०.१८ युनिट. दोन कमी वॅटचे बीएलडीसी पंखे दहा तास: ०.६. वायफाय राउटर दिवसभर: ०.२४. चार फोन: ०.०८. फ्रिज रात्रभर: साधारण अर्धं युनिट. बेरीज १.६ युनिट. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडी वीज जाते, म्हणून अडीच ते तीन युनिटची बॅटरी पुरते. एसी जोडलात तर एकटा एसीच रात्रीत सहा-आठ युनिट खाऊ शकतो आणि बॅटरीचा खर्च कित्येक पट वाढतो. म्हणून दिवे, पंखे, फ्रिज, राउटर यांचं वेगळं सर्किट करून तेवढंच बॅटरीवर टाका.

प्रकार दोन. ट्यूब्युलर लेड-ॲसिड स्वस्त, पण जड, पाणी घालावं लागतं आणि निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेट महाग, पण जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि कित्येक पट जास्त वेळा चार्ज होते. तीन युनिटची बॅटरी भिंतीवरच्या छोट्या कपाटाएवढी असते. तेवढी ऊर्जा दहा मीटर उंचीवर पाण्यात साठवायची तर हजार लिटरच्या शंभराहून जास्त टाक्या लागल्या असत्या.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. जमशेदजींचे तलाव पावसाळा साठवून उन्हाळ्यात वापरतात. तुमची बॅटरी दुपार साठवून रात्री वापरते. तिच्या साठ्यावर पावसाळा निघत नाही. कोकणात दाट ढगांच्या दिवशी पॅनलची वीज नेहमीच्या पाव हिश्शावर, कधी त्याहूनही खाली येते. तीन किलोवॅटच्या पॅनलवर वर सांगितलेली एका रात्रीची गरज तेव्हा जेमतेम भागेल. म्हणून महावितरणचं कनेक्शन तोडून पूर्ण ऑफ-ग्रिड व्हायचा विचार किनाऱ्यावर तरी करू नका.

शेवटचा भाग पोहोचवण्याचा, म्हणजे गिरण्यांच्या जोडणीवाली जुनी अडचण. पाच किलोवॅटची सिस्टीम २३० व्होल्टवर सुमारे २२ अँपिअर करंट देते. खांबापासून घरापर्यंत जुनी बारीक सर्व्हिस वायर असेल तर दुपारी वीज बाहेर पाठवताना घरातला व्होल्टेज चढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होत राहतो. म्हणून आधी विजेच्या बिलावर मंजूर भार बघा. कमी असेल तर वाढवून घ्या, होमस्टे किंवा मोठा पंप असेल तर थ्री-फेज घ्या, सर्व्हिस वायर आणि मेन स्विच त्या करंटला पुरेल असा बदलून घ्या. वीज आत-बाहेर दोन्हीकडे मोजणारा नेट मीटर महावितरण बसवते.

किनाऱ्यासाठी आणखी चार गोष्टी. स्ट्रक्चर ॲल्युमिनियमचं किंवा हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे, नाहीतर खारी हवा दोन-तीन वर्षांत गंज चढवते. वादळाच्या वाऱ्याचा जोर धरून पाया पक्का करा, नुसत्या पत्र्याला स्क्रू मारून भागत नाही. डीसी, एसी आणि वीजरोधक यांना वेगवेगळी अर्थिंग. आणि बॅटरी-इन्व्हर्टर पाणी चढणार नाही अशा उंचीवर, पावसाच्या माऱ्यापासून आत.

तलावांची पुढची पाळी

भिऱ्याला आज १५० मेगावॅटचं एक युनिट असं आहे, जे टर्बाइन फिरवून खाली आलेलं पाणी परत वर चढवू शकतं. ग्रिडमध्ये वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर, कमी पडली की खाली. ही थेट बॅटरीच. ऑगस्ट २०२३ मध्ये टाटा पॉवर आणि महाराष्ट्र सरकार यांच्यात भिवपुरी आणि शिरोता इथे मिळून २,८०० मेगावॅटचे असेच प्रकल्प उभारण्याचा करार झाला. दिवसा सोलरची वीज जास्त होणार, ती रात्रीसाठी ठेवायला जागा हवी आणि ती जागा पुन्हा सह्याद्रीच्या माथ्यावर शोधली जाते आहे. शिरोता म्हणजे १९१५ च्या योजनेतलाच तलाव.

जमशेदजींनी खोपोलीचा एकही दिवा पाहिला नाही, पण पाऊस अडवायचा आणि लागेल तसा सोडायचा हा त्यांनी धरलेला हिशेब अजून चालू आहे. साठवण्याची किंमत कुणी द्यायची, हा मुळशीचा प्रश्नही मोठ्या प्रकल्पांपाशी तसाच उभा आहे. घरच्या बॅटरीत ती किंमत तुमच्याच खिशातून जाते, कुणाच्या भातखाचरातून नाही. कोटेशन मागवाल तेव्हा पॅनलच्या किलोवॅटइतकंच बॅटरीच्या युनिटकडे आणि सर्व्हिस वायरच्या जाडीकडे बघा. आणि पैसे द्यायच्या आधी इन्स्टॉलरला एवढं विचारा: मेन स्विच बंद केल्यावर माझ्या घरात काय काय चालू राहील आणि किती तास? उत्तर लिहून घ्या.